चांगदेव तरेच्या गाडीतली गरम हवा

काल्हेरचा चांगदेव तरे जगाला नाही म्हणताना कधी अडखळला नाही. गोदामाच्या दलालांना तो नाही म्हणे, वर्गणीसाठी दुसऱ्यांदा आलेल्या मंडळाला नाही म्हणे, ग्रामपंचायतीला उभ्या राहिलेल्या मावसभावालाही त्याने ओट्यावर बसवून, चहा पाजून, नाही म्हटलं होतं. नाही म्हणता येत नसे ते फक्त आक्काला.

आक्का त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा चांगदेव रांगत होता आणि आक्काची हळद तोंडावर आली होती. लग्न झालं, आक्का खारबावला नांदायला गेली, आणि नवरा तापाने गेल्यावर वर्ष भरायच्या आत माघारी आली. आली ती थेट चुलीपुढे बसली आणि चांगदेवला मांडीवर घेऊन भात भरवू लागली. पुन्हा कुठे गेली नाही. या विषयावर बहीणभावांत पुढे कधी बोलणं झालं नाही. बोलण्यासारखं त्यात काही राहिलं नव्हतं.

शाळा सोड म्हणाली, चांगदेवने सोडली. रेतीच्या होडीवर जाऊ नको म्हणाली, गेला नाही. भिवंडीत लूमवर ड्युटी धर म्हणाली, धरली. नारपोलीच्या कारखान्यातल्या शिफ्टनी त्याला दोन गोष्टी दिल्या: थोडासा बहिरेपणा आणि भलताच मोठा आवाज. तेव्हापासून चांगदेवने घरात मीठ मागितलं तरी ते तीन घरं पलीकडे ऐकू जाई. मग आक्काने काशीला पसंत केलं आणि चांगदेवने काशीशी लग्न केलं. काशी चांगली निघाली. अडचण हीच होती. आक्का आयुष्यात एकदा जरी ठळकपणे चुकली असती, तर चांगदेवला नाही म्हणायची थोडी सवय झाली असती.

पुढे काल्हेरच्या भातशेतीत गोदामं उगवली. तऱ्यांच्या शेतातही एक उगवलं. त्या दिवसापासून चांगदेव सकाळी अंघोळ करून, पांढरा शर्ट घालून, गोदामाच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसू लागला. जमीन त्याची, गोदामही त्याचं, पण आतला माल परक्याचा. त्यामुळे आत जायचं झालं तर त्याला वॉचमनची परवानगी लागे. वॉचमन बिहारचा आणि कर्तव्यकठोर होता. "क्या काम है, सेठ?" असं तो आधी विचारी. चांगदेवला काम नसे. तो परत खुर्चीवर येऊन बसे.

दोन हजार पाच साली त्याने गाडी घेतली. पांढरी, एसीवाली. लोकांना वाटलं, गोदाम आलं म्हणून गाडी आली. खरं म्हणजे गाडी आक्काच्या गुडघ्यांसाठी आली होती. चिखलात वाकून लावणी करण्यात आक्काचे गुडघे गेले होते, आणि त्यांना उतार पडे तो फक्त अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात. आठवड्यातून एकदा कुंडात पाय सोडून बसायचं, मग वज्रेश्वरीला देवीची ओटी भरायची आणि घरी यायचं. पूर्वी हा प्रवास टेम्पोच्या फळीवर बसून होई, म्हणजे जाताना गुडघ्यांना जे मिळे ते येताना टेम्पोच काढून घेई. गाडी आल्यावर आक्का पुढच्या सीटवर मांडीवर पिशवी घेऊन बसू लागली. चांगदेव गाडी चालवी. एसीची गार हवा आक्काच्या पदरावर येई आणि ती डोळे मिटून घेई. फाटकाशी खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला आठवड्यातून एकदा काहीतरी काम आहे असं वाटण्यासाठी एवढं पुरेसं होतं.

गाडीची पहिली पूजा वज्रेश्वरीलाच झाली. आक्काने देवीचा खण गाडीच्या तोंडाला, समोरच्या जाळीवर बांधला. खण लहान होता. त्याने कुणाचं काही बिघडलं नाही.

सहा महिन्यांनी माणकोलीच्या नाक्यावर एक ट्रेलर रिव्हर्स घेत घेत थेट चांगदेवच्या बॉनेटवर चढायला आला आणि हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हरला कुणीतरी शिवी दिली म्हणून तो थांबला होता, पण आक्काने श्रेय देवीला दिलं. पुढच्या फेरीत तिने देवीला हिरवी साडी वाहिली. पुजाऱ्याने ओटीतली दुसरी एक हिरवीच साडी प्रसाद म्हणून तिच्या हातात ठेवली. देवीने वाचवलं ते गाडीला, तेव्हा प्रसाद गाडीचा, असा आक्काचा सरळ हिशेब. घरी आल्यावर तिने साडीची आठपदरी घडी घातली, पोती शिवायची दाभण आणि सुतळी घेतली, आणि ती घडी गाडीच्या जाळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत शिवून टाकली. आक्काने उभं आयुष्य भाताच्या पोत्यांची तोंडं शिवली होती. तिने शिवलेलं पोतं बैलगाडीतून पडलं तरी फुटत नसे.

गाडी आता समोरून लग्नाला निघाल्यासारखी दिसू लागली. दिवस थंडीचे होते.

होळी झाली, ऊन चढलं, आणि एका दुपारी अंजूरफाट्याच्या गर्दीत गाडी अडकली असताना एसीतून कोमट हवा येऊ लागली. मग गरम. चांगदेवने बटण बंद करून पुन्हा चालू केलं. लूममध्ये असताना बंद पडलेल्या मागावरही तो पहिला उपाय हाच करी.

"काय रं, भट्टी पेटवलीस काय?" आक्काने डोळे न उघडता विचारलं.

"गर्दी हाय ना, आक्का. सुटली की गार व्हईल."

गर्दी सुटली. हवा गार झाली नाही. अकलोलीपर्यंत दोघं गरम हवेत गेली, गरम पाण्यात बसली आणि गरम हवेत परत आली.

"देवी कशाला तरी रागावलीय," आक्का म्हणाली, आणि पुढच्या आठवड्यात देवळातून प्रसादाची दुसरी साडी घेऊन आली. पहिलीच्या वर तिने ती शिवली. टाके जरा जवळ जवळ घातले.

चांगदेव गाडी घेऊन नारपोलीला इसरार मिस्त्रीकडे गेला. इसरार लूमच्या दिवसांपासून ओळखीचा होता, गाड्यांच्या एसीची कामं करी, आणि एका वेळी एकच शब्द वाया घालवी.

"गैस," तो म्हणाला.

गॅस भरला. संध्याकाळची वेळ होती, हवा गार आली. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा गरम. चांगदेव पुन्हा नारपोलीला. इसरारने आणखी गॅस भरला. तिसऱ्या खेपेला मात्र इसरारने बॉनेट उघडलंच नाही. तो गाडीच्या तोंडापुढे उभा राहिला, मागे हात बांधून, जसं एखाद्याच्या घरातल्या तसबिरीपुढे पाहुण्याने उभं राहावं.

"सेठ, मशीन ठीक है. चालू होता है, गरम होता है, अपने आप बंद पडता है. उसको सामने से हवा नहीं मिल रही."

"मग हवा दे ना."

इसरारने दोन साड्यांकडे पाहिलं. मग त्याने समोरच्या लूमच्या भिंतीकडे पाहिलं आणि तिथेच पाहत राहिला.

"हवा तो आप को देनी है, सेठ."

चांगदेवला समजलं. इसरारला समजलं की चांगदेवला समजलं.  दुसऱ्याच्या देवाला हात लावायचा नाही, हे भिवंडीत मिस्त्रीला पान्याच्या आधी शिकवतात.

चांगदेवला वाटलं, हे काम आपल्यातल्या माणसाचं आहे. म्हणून तो गाडी घेऊन पडघ्याला गेला. तिथे हायवेच्या कडेला काशीचा लांबचा भाऊ दामू मढवी याचं गॅरेज होतं. दामू ट्रकच्या कामात माहीर होता. त्याने गाडी बघितली, पान्याचा हात फडक्याला पुसला, साबणाने धुतला, साड्यांना नमस्कार केला आणि मग बॉनेट उघडलं.

"दाजी, याचं कारन समोरच हाय," दामू आत बघत म्हणाला.

"मना ठावं हाय."

"मंग काढा."

"तू काढ."

दामूने बॉनेटच्या आडून मान बाहेर काढली. "मी? आक्काने शिवलेलं? वर देवीचं?"

"तू मेस्त्री हाईस ना?"

"मेस्त्री हाय, दाजी. मना पोरंबाळं हाईत."

तोडगा म्हणून दामूने पंखा मोठा बसवला. साड्यांतून हवा येत नसेल तर ती ओढून आणायची, असा त्यामागचा विचार. पंखा ट्रकवाल्याच्या मनाचा, दणकट होता. त्याने हवा ओढायला सुरुवात केली, हवा आली नाही, तेव्हा त्याने साड्या ओढल्या. दोन्ही साड्या आत जाऊन एसीच्या जाळीला अशा चिकटल्या की त्यांच्यातून आता मुंगीचा श्वासही गेला नसता. दामूने पुन्हा एकदा नमस्कार केला आणि अजून थोडा गॅस भरून दिला, आलाच आहात तर.

अशा रीतीने एप्रिल संपेपर्यंत गाडीचं दुखणं सगळ्यांना ठाऊक झालं. इसरारला ठाऊक होतं, दामूला ठाऊक होतं, काशीला तर दामूने फोनच केला. बिहारच्या वॉचमनलाही ठाऊक होतं. त्याने एकदा फाटकातून गाडीकडे बोट दाखवून "सेठ, उसका मुंह बंद है," असं सांगितलं होतं. ठाऊक नव्हतं ते आक्काला.

मेमध्ये तिसरी साडी चढली. आणि त्याच आठवड्यात, अंबाडीच्या नाक्याजवळ, गरम हवेचा झोत तोंडावर घेत बसलेल्या आक्काची मान एका बाजूला कलली. चांगदेवने गाडी आंब्याखाली उभी केली, तिच्या डोळ्यांना पाणी लावलं. थोड्या वेळाने ती सावध झाली. पण त्या दिवशी अकलोलीला जाणं झालं नाही.

"पुरे झालं," घरी आल्यावर आक्का म्हणाली. "देवीला माजं येनं नको हाय. मंग कशाला जायाचं?"

"आक्का, तसं न्हाय गो."

"तसंच हाय. साडीवर साडी वाहिली, तरी तिचा राग उतरना. आता मी घरातच बसतं."

आणि ती बसली. एकदा आक्काने काही म्हटलं की ते झालंच, हा नियम आता तिच्यावरही चालला. दोन आठवड्यांत तिचे गुडघे लाकडासारखे झाले. ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करणारी आक्का आता आतल्या खोलीत पलंगाच्या काठावर बसे. उठायचं तर काशीचा हात लागे. गाडी अंगणात उभी होती, तोंडावर तीन साड्या घेऊन. आक्काला पुन्हा त्या पुढच्या सीटवर बसवायचं, एवढी एकच गोष्ट चांगदेवला हवी होती, आणि त्यासाठी आक्काला एकच वाक्य सांगायचं होतं: तू शिवलंस, त्याने बिघडलं. हे वाक्य काही केल्या त्याच्या तोंडातून निघेना.

"सांगा ना एकदा," काशी म्हणाली. "खातील काय त्या तुमाला?"

"तू सांग."

"मी? भावजय मी. मी सांगितलं तर देवीशी माजं वैर झालं म्हनतील. तुमी भाऊ हाव."

चांगदेवने आडून प्रयत्न केला. "आक्का, साड्या मळल्यात गो. काढून धुवून टाकायच्या का?"

"मळल्यात?" आक्काला ते पटलं. काशीचा हात धरून ती अंगणात आली, स्टुलावर बसली, बादली मागवली आणि साड्या जाग्यावरच, गाडीच्या तोंडावर, साबण लावून धुतल्या. वर आणखी तीन बादल्या पाणी ओतलं. पाणी आतल्या जाळीवर झिरपत होतं तोवर एसीतून खरोखर गार हवा आली. चांगदेवने आत बसून पाहिलं. साड्या वाळल्या तशी हवाही वाळली.

"बघ," आक्का म्हणाली, "सोच्छता नव्हती."

चांगदेव फाटकाशी खुर्चीवर जाऊन बसला आणि दुपारभर ओठ हलवत राहिला. वॉचमनला वाटलं, सेठ जप करतो आहे. सेठ वाक्याची तालीम करत होता.

मग एका सकाळी आतल्या खोलीतून "काशी" अशी हाक आली. काशी पाणी भरायला गेली होती. चांगदेव आत गेला. आक्का जमिनीवर होती. पलंगावरून उतरताना गुडघा धरला आणि ती हळूच खाली बसली होती. लागलं नव्हतं. काशी येईपर्यंत काहीतरी काम चालल्यासारखं दिसावं म्हणून ती पलंगाखालचे तांदूळ निवडत होती. पलंगाखाली मूठभरच तांदूळ सांडले होते. ते तिने केव्हाच निवडून संपवले होते आणि आता पुन्हा पहिल्यापासून निवडत होती.

चांगदेवने तिला काखेत धरून उठवलं. ती हलकी लागली. तिला पलंगावर बसवून तो अंगणात गेला, गाडीसमोर उभा राहिला आणि गाडीकडे बघून बोलला.

"आक्का! एसी या साड्यांनी बिघडलाय! त्याला हवाच भेटत न्हाय!"

लूमचा आवाज होता तो. आक्काने ऐकलं, काशीने नळावर ऐकलं, शेजारच्या तीन घरांनी ऐकलं. पलीकडच्या ओट्यावरच्या रंगूबाईने तर "अगं बया" म्हणून पदर तोंडाला लावला.

 मग आतून आवाज आला, नेहमीपेक्षा बारीक.

"त्या मेस्त्रीला ठावं व्हतं?"

"व्हतं."

"दामूला?"

"व्हतं."

"काशीला?"

"व्हतं, आक्का."

"रंगीला?"

रंगूबाई आत निघून गेली.

"मंजे मनाच कुनी सांगितलं न्हाय," आक्का म्हणाली. "मी एवडी वाईट हाय काय रं, चांग्या?"

याचं उत्तर चांगदेवने तालमीत बसवलं नव्हतं. तो दारात येऊन उभा राहिला. "वाईट न्हाय गो. तुला न्हाय म्हनायची मना सवय न्हाय."

"मंग मी मरंपरेंत ती गाडी तशीच उकळत ठेवनार व्हतास?"

चांगदेव खरं बोलायला लागलाच होता. "व्हय," तो म्हणाला.

आक्काने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण ती हसली असं कुणी शपथेवर सांगू शकलं नसतं. "दाभन आन," ती म्हणाली. "आनी मना उचल."

सुतळी तिने कापू दिली नाही. अंगणात स्टुलावर बसून तिने टाक्याचं टोक शोधलं, दाभणीने गाठ सोडली आणि एक झटका दिला. पोत्याची शिवण जशी सरसर उसवते तशी या टोकापासून त्या टोकापर्यंत ती उसवली. तीन साड्या खाली आल्या. मागे एसीच्या जाळीवर भिवंडीतल्या लूमची उडालेली रुई, गोदामांची धूळ आणि साबण यांची एक गादी तयार झाली होती. चांगदेवने ती पाण्याच्या पाइपने धुऊन काढली. मग इसरारकडे जाऊन दामूच्यासकट तीन वेळा भरलेला जादा गॅस सोडून घेतला. इसरारने गाडीचं उघडं तोंड पाहिलं. "आक्का?" त्याने विचारलं. "आक्का," चांगदेव म्हणाला. इसरारने मान हलवली आणि पंखाही बदलून दिला.

त्याच आठवड्यात आक्का पुढच्या सीटवर बसली. साड्या धुऊन, घड्या घालून तिच्या मांडीवरच्या पिशवीत होत्या. माणकोली गेली, अंजूरफाटा गेला, गर्दीत गाडी खोळंबली, सुटली. एसी गार होता.  चांगदेव तिच्याकडे बघत होता आणि रस्त्याकडे कमी बघत होता. अंबाडीला तिने डोळे मिटले.

"थंड हाय," ती म्हणाली.

अकलोलीला ती कुंडात दुपारभर बसली. पायऱ्या चढताना चांगदेवच्या खांद्यावरचा तिचा हात आधी जड होता, वर आल्यावर नुसता ठेवलेला होता. मग वज्रेश्वरीला पायऱ्यांपाशी तिने पिशवी उघडली, प्रसादाच्या ज्या साड्या तिने गाडीला चढवल्या होत्या त्या समोर ठेवून हात जोडले आणि बराच वेळ ओठ हलवले. देवीशी तिचं काय बोलणं झालं ते चांगदेवला कळलं नाही. आपल्या चुकीचा दोष देवीवर ढकलला, त्याबद्दल असावं. वर देवळात जाऊन परत आली तेव्हा तिचा चेहरा मोकळा होता आणि हातात नवी साडी होती. लाल, जरीची. पुजाऱ्याने प्रसाद म्हणून दिलेली.

आक्का सरळ गाडीच्या तोंडाकडे गेली.

 आजूबाजूला फुलवाले, नारळवाले, ओटीवाल्या बायका. त्याने घसा साफ केला. या वेळी तालीम झालेली नव्हती.

"आक्का, पुढं न्हाय."

तो चक्क म्हणाला होता. फुलवाल्याने वळून पाहिलं. आक्का थांबली. साडी हातात तशीच. तिने चांगदेवकडे, मग गाडीकडे, मग परत चांगदेवकडे पाहिलं. पन्नाशीला टेकलेल्या भावाने तिला पहिल्यांदा नाही म्हटलं होतं, आणि जग होतं तिथेच होतं.

"बरं," आक्का म्हणाली. "मंग कुटं?"

एकदा नाही म्हटल्यावर लगेच दुसऱ्यांदा म्हणायचं बळ चांगदेवच्या अंगात नव्हतं. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली. चाकांना बांधता येत नव्हती. टपावर उडाली असती.

"मागं," तो म्हणाला.

आक्काने पिशवीतून दाभण काढली. मागच्या काचेच्या रबरात ती सहज गेली. साडी नऊवारी होती, उलगडून लावली तेव्हा काच या कडेपासून त्या कडेपर्यंत झाकली गेली.

परतीच्या वाटेवर गाडीत गार हवा होती. आक्का डोळे मिटून बसली होती, पाय सैल सोडून. चांगदेवने आरशात पाहिलं. आरशात लाल साडी होती, जरीकाम चांगलं होतं. त्यामागे कुणीतरी ट्रकवाला केव्हापासून हॉर्न देत होता. चांगदेवने खिडकीतून हात बाहेर काढला आणि त्याला पुढे जायला सांगितलं.